झणझणीत नूडल सूप अर्ध्या तासात: चार गोष्टी वेगळ्या करा, भेट बाऊलमध्ये होऊ द्या

नूडल सूप घरी करायचं म्हटलं की बहुतेक जण एकच करतात, पातेल्यात पाणी, त्यात सॉस, त्यात भाज्या, त्यात तिखट आणि शेवटी त्यातच नूडल्स टाकून सगळं एकत्र रटरटवायचं. वास छान सुटतो, पण वाढेपर्यंत नूडल्स फुगून बसतात, सूप गढूळ आणि चिकट होतं, आणि तिखट नुसतं घशाला लागतं, जिभेला काहीच मिळत नाही. मी हे किती वेळा केलंय विचारू नका. दरवेळी वाटायचं आपल्याकडे कुठला तरी एक सॉस कमी आहे, मग अजून एक बाटली यायची. फ्रिजचं दार बाटल्यांनी भरलं, सूप होतं तिथेच.

चूक सॉसची नव्हतीच, क्रमाची होती. रामेनवाले (रामेन म्हणजे जपानी नूडल सूप) सूप एका पातेल्यात करतच नाहीत. बाऊलच्या तळाशी आधी खारट, दाट असं मिश्रण पडतं (जपानीत त्याला तारे म्हणतात), त्यावर गरमागरम स्टॉक ज्यात मीठ जवळजवळ नसतंच, मग दुसऱ्या पाण्यात उकडलेल्या नूडल्स आणि सगळ्यात वर वासाचं तेल. चार गोष्टी चार ठिकाणी तयार होतात आणि खाण्याच्या मिनिटभर आधी एकत्र येतात. हे एकदा डोक्यात बसलं ना, की रेसिपीची गरज फारशी उरत नाही, तरी पहिल्यांदा करताना हाताशी मापं असलेली बरी म्हणून सगळं सांगते.

इथे मी तीळ आणि मिरचीचं सूप घेतलंय, तानतानमेनच्या वळणाचं. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या दान दान नूडल्स मुळात जवळपास कोरड्या असायच्या, फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन विकायचे आणि त्या कावडीच्या दांड्यावरूनच नाव पडलं. पुढे सिचुआनमधून जपानला गेलेले शेफ चेन केनमिन यांनी तिथल्या लोकांच्या आवडीप्रमाणे त्यात सूप आणलं, तेच तानतानमेन. माझं काही अगदी अस्सल नाही, पण घाईच्या दिवशी याच्याइतकं समाधान देणारं दुसरं सूप मला अजून सापडलेलं नाही, कारण तिळाच्या पेस्टमुळे चार तास हाडं उकळल्यासारखा दाटपणा पाच मिनिटांत येतो.

काय काय लागेल (दोघांसाठी, दोन मोठे बाऊल)

टेबलस्पून म्हणजे १५ मिली आणि टीस्पून म्हणजे ५ मिली, घरातला कुठलाही चमचा नको, एकदा तरी मापाचे चमचे वापरा.

स्टॉकसाठी ८०० मिली पाणी, ४-५ वाळलेले शिताके मशरूम, आल्याच्या ३-४ चकत्या, कांद्याच्या पातीचे पांढरे भाग. मिळालं तर तळहाताएवढा कोंबूचा (वाळवलेलं समुद्री शेवाळ) तुकडा.

तारेसाठी प्रत्येक बाऊलला: दीड टेबलस्पून लाइट सोया सॉस, २ टेबलस्पून तिळाची पेस्ट, १ टीस्पून राइस व्हिनेगर, अर्धा टीस्पून साखर, अर्धी पाकळी किसलेला लसूण.

वरच्या तेलासाठी: ६० मिली साधं वास नसलेलं तेल, २ टेबलस्पून चिली फ्लेक्स, १ टीस्पून तीळ, २ पाकळ्या लसूण, एक चक्रीफूल, असेल तर अर्धा टीस्पून सिचुआन पेपर.

वर घालायला १५० ग्रॅम चिकनचा खिमा किंवा तेवढंच कुस्करलेलं घट्ट टोफू, १ टीस्पून दोउबानजियांग (मिरची आणि बीन्सची आंबवलेली पेस्ट) किंवा गोचुजांग (मिरचीची आंबवलेली कोरियन पेस्ट), दोन अंडी, मूठभर पालेभाजी, बीन स्प्राउट्स, पातीचा हिरवा भाग. आणि नूडल्स, ताज्या असतील तर माणशी १२० ते १३० ग्रॅम, कोरड्या असतील तर ८० ते ९०.

यादी बघून दचकू नका, यातलं निम्मं नसलं तरी चालतं. जे नसून चालत नाही ते फक्त सोया सॉस, तीळ किंवा शेंगदाण्याची पेस्ट, आंबट काहीतरी आणि मिरचीचं तेल.

आधी तेल, कारण तेच सगळ्यात बिघडतं

माझं पहिलं चिली ऑइल मी असं केलं होतं की तेल चांगलं धूर येईपर्यंत तापवलं आणि मिरचीवर ओतलं. दोन सेकंदांत फ्लेक्स काळे कोळसा, घरभर ठसका, सगळे खोकत बाल्कनीत. चवीला कडू. तेव्हापासून एक गोष्ट पाळते, धूर दिसला की तेल मिरचीच्या जवळ न्यायचंच नाही.

बरोबर पद्धत अशी. छोट्या कढईत तेल, त्यात चक्रीफूल, सिचुआन पेपर आणि पातीचा एखादा पांढरा तुकडा, मंद आचेवर ५-६ मिनिटं. पातीच्या कडा सोनेरी झाल्या, वास घरात पसरला की ते सगळं झाऱ्याने काढून टाकायचं. आता एका काचेच्या किंवा स्टीलच्या उष्णता सोसणाऱ्या वाटीत चिली फ्लेक्स, तीळ आणि बारीक चिरलेला लसूण एकत्र करून ठेवा, त्यात १ टीस्पून पाणी किंवा सोया सॉस मिसळून फ्लेक्स जेमतेम ओलसर करा, म्हणजे करपायला थोडा वेळ मिळतो. तेलात एक फ्लेक टाकून बघा. तो लगेच वर आला आणि भोवती बारीक बुडबुडे फुटले पण रंग लालच राहिला तर तेल तयार आहे. दोन-तीन सेकंदांत तपकिरी व्हायला लागला तर गॅस बंद करून मिनिटभर थांबा. फ्लेक नुसता तरंगत राहिला, काहीच झालं नाही, तर अजून तापवा.

मग तेल एकदम नाही, तीन वेळा मिळून ओतायचं. पहिल्या वेळी थोडं, आणि चमच्याने ढवळायचं, फेस वर येतो म्हणून वाटी मोठी घ्या. फेस बसला की दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. मिश्रण थंड झालं की तेलाचा रंग विटकरी लाल दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी तर अजून गडद.

एवढा खटाटोप कशासाठी, तर मिरचीचा तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन, आणि ते पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं. मिरचीचा लाल रंगही तसाच. म्हणून तिखटाची पूड थेट उकळत्या पाण्यात टाकली की ती नुसती तरंगते, एका घोटात काहीच नाही आणि पुढच्या घोटात घसा धरतो. तेलातून आलं की प्रत्येक नूडलला सारखं लागतं. तोंड भाजलं तर पाणी पिऊन उपयोग का होत नाही, तेही यातच आलं, दूध प्या.

अजून एक, जिभेवरचा जो रिसेप्टर कॅप्सेसिनला प्रतिसाद देतो (टीआरपीव्ही१, १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला, त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं) तोच साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेलाही प्रतिसाद देतो. म्हणजे मेंदूला मिरची आणि चटका एकाच दारातून कळतात. त्यामुळे वाटीतलं थंड चिली ऑइल चाखून "अरे हे तर सौम्य आहे" म्हणत तीन चमचे घालू नका, वाफाळत्या सूपमध्ये तेच तेल दुप्पट बोलतं. पहिल्यांदा बाऊलला १ टेबलस्पून, बाकी टेबलावर ठेवा.

सिचुआन पेपरचं प्रकरण वेगळं, ते तिखट नसतंच, ओठ झिणझिणवतं. जास्त झालं तर दात काढून आल्यासारखं वाटतं, म्हणून अर्ध्या टीस्पूनवर थांबा.

उरलेलं तेल फ्रिजमध्येच ठेवा आणि ताजा लसूण घातला असेल तर ३-४ दिवसांत संपवा. तेलात बुडालेल्या लसणाला हवा लागत नाही आणि अशा जागी बाहेरच्या तापमानाला बोटुलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जंतू वाढू शकतात, वास किंवा रंगावरून काही कळतही नाही. महिनाभर टिकवायचंय तर लसूण घालूच नका, फक्त कोरडे मसाले आणि मिरची ठेवा, आणि तेही फ्रिजमध्येच.

स्टॉक: फार मेहनत नाही, थोडी आधीची आठवण

रात्रीच आठवलं तर शिताके आणि कोंबू ८०० मिली गार पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवून द्या, सकाळी किंवा संध्याकाळी स्टॉक आयता तयार. नाही आठवलं (माझं नेहमीचं) तर कडकडीत नाही, चांगल्या कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवा, तोपर्यंत बाकीचं होतं. नंतर आलं आणि पात घालून मंद आचेवर ठेवा, आणि उकळी यायच्या आधी कोंबू बाहेर काढा, उकळला की सूप बुळबुळीत आणि किंचित कडवट होतं. मशरूम पिळून, देठ काढून, बारीक चिरून खिम्यात टाका.

हा कोंबू आणि शिताके एकत्र का, तर यामागे मजेशीर गोष्ट आहे. १९०८ साली तोक्योत किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या भरदार चवीला उमामी म्हटलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना वाळवलेल्या बोनितो माशात इनोसिनेट सापडलं, आणि १९५७ च्या सुमारास अकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेटवर काम केलं, जे वाळलेल्या शिताकेत भरपूर असतं. खरी गंमत पुढे, ग्लुटामेट आणि ग्वानिलेट (किंवा इनोसिनेट) एकत्र आले की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी चढते. म्हणून नुसता सोया सॉस घातलेलं पाणी पाणीच लागतं आणि त्यात चार शिताके भिजले की अचानक "अरे, हे कशात केलंय?" होतं. सोया सॉसमध्ये ग्लुटामेट असतंच, त्यामुळे कोंबू नसला तरी शिताके मात्र ठेवा.

शिताकेही नसतील? मग १ टीस्पून टोमॅटो पेस्ट तेलात विटकरी होईपर्यंत परता आणि त्यावर पाणी ओता, टोमॅटोतही ग्लुटामेट असतं. किंवा स्टॉक क्यूब, पण मग तारेतला सोया सॉस एक टेबलस्पूनवर आणा, क्यूबमध्ये मीठ ठासून भरलेलं असतं.

मिठाचा हिशोब

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण घरच्या सूपचा निम्मा फसलेपणा इथेच असतो. १ टेबलस्पून लाइट सोया सॉसमध्ये साधारण अडीच ग्रॅम मीठ येतं. बाऊलमध्ये ३५० मिली स्टॉक जाणार, आणि नूडल सूपला १ टक्क्याच्या थोडं वर मीठ लागतं, म्हणजे साडेतीन ते चार ग्रॅम. दीड टेबलस्पून सोया सॉस तिथूनच आला. नुसतं सूप चाखलं तर ते किंचित जास्त खारट लागायला हवं, कारण नूडल्स फिक्या असतात आणि खाताना त्या चव ओढून घेतात. चमच्याने चाखून "परफेक्ट" वाटलेलं सूप नूडल्स पडल्यावर नेहमी अळणी निघतं.

आणि बाटलीवर लाइट लिहिलंय म्हणजे मीठ कमी असा अर्थ नाही हं, उलट लाइटच जास्त खारट असतो, डार्क हा रंगासाठी, दाट आणि जरा गोडसर. डार्क सोया सॉस दीड टेबलस्पून घातलात तर सूप काळंकुट्ट होईल.

तिळाची पेस्ट फाटल्यासारखी झाली तर घाबरू नका

दोन्ही बाऊलमध्ये तारेचं सगळं घाला, आधी पेस्ट, मग सोया सॉस, व्हिनेगर, साखर, लसूण, आणि ढवळा. इथे एक विचित्र प्रकार होतो. मस्त वाहती पेस्ट सोया सॉस पडल्या पडल्या घट्ट होते, चमच्याला गोळा धरते, रंग फिका पडतो, एकदम सिमेंट. मी पहिल्यांदा हे बघून सगळं फेकून दिलं होतं, पेस्ट खराब निघाली म्हणून. खराब काही नसते, तेलकट पेस्टमध्ये थोडंसंच पाणी गेलं की तिच्यातले बारीक कण एकमेकांना चिकटतात. उपाय म्हणजे अजून पाणी. गरम स्टॉक एक एक चमचा घालत ढवळत राहा, तिसऱ्या-चौथ्या चमच्याला गोळा सुटतो आणि सायीसारखं गुळगुळीत होतं. तिथे थांबा. सगळा स्टॉक एकदम ओतलात तर मात्र गाठी तरंगत राहतील आणि त्या नंतर कशानेच मोडत नाहीत.

विकतची ताहिनी चालते, फक्त ती बहुतेक वेळा कमी भाजलेल्या तिळाची असते म्हणून अर्धा टीस्पून भाजलेल्या तिळाचं गडद तेल जोडीला घाला. हे तेल शेवटी वासासाठीच, त्यात परतायला जाऊ नका, वास उडून जातो. साखर नसलेलं पीनट बटर पण मस्त लागतं, खरं सांगायचं तर घरातल्या मुलांना तेच जास्त आवडतं.

वरचा माल

कढई चांगली तापवा, १ टेबलस्पून तेल, खिमा पसरा आणि दोन मिनिटं हातच लावू नका. ढवळत बसलं की पाणी सुटतं आणि खिमा उकडतो, भाजला जात नाही. खालून तपकिरी झाला की मोडा, चिरलेले शिताके घाला, मधे जागा करून दोउबानजियांग टाका आणि तेल लाल होईपर्यंत मिनिटभर परता, मग १ टीस्पून सोया सॉस, चिमूटभर साखर. कोरडा, जरा कुरकुरीत हवा. टोफूचंही अगदी हेच, फक्त आधी कपड्यात दाबून पाणी काढा आणि वेळ दुप्पट धरा.

अंडं फ्रिजमधून थेट उकळत्या पाण्यात, साडेसहा मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात. पांढरं बसलेलं आणि पिवळं मधासारखं वाहतं. सात मिनिटांना पिवळं जॅमसारखं होतं, मला तेच आवडतं. घड्याळ लावा, अंदाजाने नाही. सोलताना बोथट बाजूने सुरू करा, तिथे हवेची पोकळी असते.

नूडल्स

आता मुख्य. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, निदान दोन लिटर, आणि हे स्टॉकचं पातेलं नव्हे. नूडल्स उकळताना पिठाचा स्टार्च पाण्यात उतरतो, तो आपल्याला सूपमध्ये नकोय. याच पाण्यात नूडल्सच्या आधी पालेभाजी ३० ते ४० सेकंद आणि स्प्राउट्स २० सेकंद बुडवून काढा, वेगळं भांडं कशाला.

कुठल्या घ्यायच्या? गव्हाच्या रामेन नूडल्स मिळाल्या तर सर्वोत्तम. त्यांचा पिवळेपणा आणि दाताखाली येणारी लवचिकता अंड्यामुळे असते असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ती असते कान्सुईमुळे, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटसारख्या क्षारांमुळे. क्षारात पिठातले रंगकण पिवळे होतात आणि ग्लुटेन घट्ट होतं. म्हणूनच जुगाड चालतो, बारीक स्पॅगेटी घ्या, १ लिटर पाण्याला २ टीस्पून खायचा सोडा घालून उकळा, रामेनच्या बरीच जवळ जाते. पाणी भसाभसा फेसाळतं, पातेलं निम्मंच भरा आणि समोरून हलू नका, मी एकदा फोन घ्यायला गेले आणि अख्खा गॅस धुवायला लागला. शिजल्यावर गरम पाण्याने एकदा धुऊन घ्या नाहीतर साबणासारखी चव मागे राहते, आणि भाज्यांसाठी हे पाणी वापरू नका, त्या गिळगिळीत होतात.

तांदळाच्या नूडल्स उकळत ठेवायच्या नसतात. चपट्या असतील तर कोमट पाण्यात २०-३० मिनिटं भिजवून शेवटी उकळत्या पाण्यातून काही सेकंद काढायच्या, शेवयांसारख्या बारीक असतील तर उकळतं पाणी ओतून ३-४ मिनिटं झाकलं की झाल्या.

इन्स्टंट नूडल्सला नाकं मुरडू नका. १९५८ मध्ये मोमोफुकू आंदो यांनी त्या आणल्या तेव्हाची युक्तीच अशी होती की नूडल्स आधी वाफवायच्या आणि मग तळायच्या, तळताना आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि बारीक छिद्रं राहतात, त्याच छिद्रांतून गरम पाणी परत शिरतं. म्हणजे त्या आधीच शिजलेल्या असतात, पाकिटावर ३ मिनिटं लिहिलंय तर दोनच मिनिटं उकळा. मसाल्याची पुडी वापरायची असेल तर अर्धी, आणि सोया सॉसही अर्धा.

कुठल्याही नूडल्स असोत, पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी एक तुकडा चावून बघा. मध्ये जरासा कच्चेपणा असेल तेव्हाच काढा, उरलेलं शिजणं गरम सूपमध्ये होतं.

शेवटची दोन मिनिटं

इथे घाई करायची असते, म्हणून सगळं ओट्यावर मांडून घ्या आणि खाणाऱ्यांना आधी टेबलावर बसवा. नूडल्स थांबत नाहीत, माणसांनी थांबायचं.

तारे बाऊलमध्ये आहे. बाऊल थंडगार असेल तर पंचाईत, पण तारे आधीच आत असल्यामुळे धुता येत नाही, म्हणून मी बाऊल गरम पाणी भरून आधी पाच मिनिटं ठेवते, ओतून पुसते आणि मगच तारे कालवते. स्टॉक खळखळून उकळवा आणि गाळून प्रत्येक बाऊलमध्ये साधारण ३५० मिली ओता, तारेत फिरवा. सूप फिक्कट तपकिरी, सायीसारखं दिसायला हवं. नूडल्स चाळणीत उपसून जोरात झटका, दोन-तीनदा, चिकटलेलं पाणी गेलंच पाहिजे कारण एवढ्याशा पाण्यानेही मीठ पातळ होतं. सूपमध्ये सोडा, चॉपस्टिकने किंवा काट्याने एकदा उचलून घडी घातल्यासारख्या खाली ठेवा म्हणजे गुंता होत नाही. त्यावर खिमा, बाजूला भाजी, स्प्राउट्स, अर्धं केलेलं अंडं, पात, आणि शेवटी चिली ऑइल कडेकडेने, फ्लेक्ससकट.

आता चाखा. काहीतरी कमी आहे पण काय ते कळत नाहीये असं वाटलं तर दहातल्या सात वेळा ते आंबट असतं, अर्धा टीस्पून व्हिनेगर किंवा लिंबू पिळा, पण बाऊलमध्येच, पातेल्यात उकळू नका. सपाट लागतंय तर मीठ. फार खारट झालं तर गरम बिनमिठाचा स्टॉक वाढवा, त्यासाठी थोडा मागे ठेवायचाच, बटाटा वगैरे टाकून काही होत नाही. फार तिखट झालं तर पाणी नको, अजून एक चमचा तिळाची पेस्ट गरम स्टॉकमध्ये सैल करून घाला किंवा नारळाचं दूध, दोन्हीतली चरबी तिखट धरून ठेवते.

हाच सांगाडा, दुसरी सूपं

फार लांबण लावत नाही. तिळाची पेस्ट काढून १ टेबलस्पून मिसो (सोयाबीनची आंबवलेली जपानी पेस्ट) घातली आणि सोया सॉस अर्ध्या टेबलस्पूनवर आणला की तिखट मिसो रामेन, मिसो उकळायची नाही, तारेतच राहू द्या. फिश सॉस, लिंबू, गवती चहा, गलांगल (आल्यासारखा कंद) आणि मिरची घेतली की टॉम यमच्या, म्हणजे आंबट-तिखट थाई सूपच्या दिशेने जाता, तिथे व्हिनेगर नको. लाक्सासाठी (मलेशिया-सिंगापूरकडचं नारळाच्या दुधाचं नूडल सूप) मात्र मसाल्याची पेस्ट तेल सुटेपर्यंत परतून मग नारळाचं दूध, ती पायरी टाळून लाक्सा होत नाही. कोरियन जाम्पोंगमध्ये गोचुगारू (कोरियन मिरचीची भरड) तेलात कांदा-लसणाबरोबर परततात आणि वर कोळंबी, शिंपले, कोबी, आच मोठी. तिथे सूप पातेल्यातच होतं, पण नूडल्स तरीही वेगळ्याच उकडतात.

एकट्यासाठी करताना मी स्टॉक दोघांचा करते आणि निम्मा ठेवून देते. तिळाचं तारे फ्रिजमध्ये डबाबंद ३-४ दिवस राहतं, खिमा दोन दिवस. नूडल्स मात्र कधी जास्त उकडायच्या नाहीत. उरलेलं सूप नूडल्सवर ओतून रात्री फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी डब्यात सूप नसतंच, त्या सगळं पिऊन जाड्याजुड्या होऊन बसलेल्या असतात, आणि चमचा त्यात उभा राहतो.